सहाशे बारा पावलांचा फेरा

"गेल्या आठवड्यात घराबाहेरच्या किती माणसांशी बोललात?" आरोग्यकेंद्रातल्या नर्सबाईंनी मला विचारलं.

मी मनातल्या मनात आठवडा उलगडला. दुकानातली मुलगी "पिशवी हवी का?" म्हणाली होती आणि मी "नको" म्हणालो होतो. आता हे बोलणं धरायचं की नुसता व्यवहार, यावर माझा माझ्याशीच थोडा वाद झाला. शेवटी म्हणालो, "एक."

"आणि चालता किती?"

"त्या दुकानापर्यंत."

बाईंनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. एवढ्याशा उत्तरात लिहिण्यासारखं इतकं काय होतं कोण जाणे. मग त्यांनी माझ्या हातात कागद दिला. 'काळोखाच्या दिवसांत रोज अर्धा तास चाला आणि माणसांत राहा.' 'माणसांत'खाली दोन रेघा मारल्या होत्या.

"बायको धरायची का यात?" मी विचारलं.

"नाही."

हे मी घरी जाऊन इर्मेलीला सांगायला नको होतं. ती बटाटे सोलत होती. सोलणं थांबवून म्हणाली, "एक्केचाळीस वर्षं या माणसाशी बोलतेय, आणि मी माणसांत मोडत नाही?"

"असं त्या म्हणाल्या नाहीत."

"मग काय म्हणाल्या?"

काय म्हणाल्या ते मलाही नीट कळलं नव्हतं. मी खुर्चीत जाऊन बसलो.

खरं तर माणसांत राहण्यात मी कमी पडेन असं मला कधी वाटलं नव्हतं. चौतीस वर्षं मी नगरपालिकेच्या पाणी खात्यात मीटर वाचले. गावातलं एक घर असं नाही जिथे मी गेलो नाही. फक्त दारातून थेट तळघरात जायचो आणि तळघरातून थेट दारात यायचो. त्यामुळे कुणाच्या तळघरात काय आहे हे मला आजही सांगता येईल. वरच्या मजल्यावर कोण राहतं, ते नाही.

तर चालायचं, आणि माणसांत चालायचं. इतकी साधी गोष्ट. पण आमच्या इमारतीच्या बी जिन्यात साध्या गोष्टीवरही सल्ला मिळतो. एरवी कुणी कुणाशी बोलत नाही, पण दुसऱ्याचं चुकतंय असा नुसता संशय आला तरी लोकांना वाचा फुटते.

वरच्या मजल्यावरचा काउको मला कचऱ्याच्या डब्यापाशी भेटला. "चालून काय होतंय?" तो म्हणाला. "तळ्यावर ये. बर्फाला भोक पाडायचं, पाण्यात उतरायचं, बाहेर यायचं. तिथे लोक आपोआप बोलतात."

"काय बोलतात?"

"ते असं उघड्यावर सांगण्यासारखं नसतं."

मग हिल्क्काबाई. या आमच्या इमारतीच्या मंडळाच्या अध्यक्षा. शाळेत गणित शिकवायच्या आणि निवृत्त झाल्यावरही आमचं गणित तपासायचं त्यांनी सोडलेलं नाही. त्या म्हणाल्या, "चर्चच्या गायकवृंदात या. गाता येत नसलं तरी चालतं. शेवटच्या रांगेत उभं राहून तोंड हलवायचं."

"पण मग बोलणं?"

"मध्यंतरात कॉफी असते."

नुसतं तोंड हलवायला मी चर्चपर्यंत जाणार नव्हतो. ते मला घरीही येत होतं. मी ठरवलं की आपल्याच इमारतीला फेऱ्या मारायच्या. आवारातल्या दोन्ही इमारती, सायकलींची शेड आणि सॉनाची, म्हणजे वाफेच्या आंघोळीची, बैठी खोली यांना वळसा घालून एक पायवाट आहे. बर्फ काढणारा माणूस ती रोज सकाळी साफ करतो. मी मोजली. सहाशे बारा पावलं. सूर्य आमच्याकडे डिसेंबरात उगवायचं नावच घेत नाही, पण दुपारी साडेअकरा ते एक आभाळ निळसर होतं आणि समोरचं झाड आहे की माणूस एवढं कळतं. म्हणून वेळ साडेअकराची.

राहता राहिली माणसं. जिन्यातल्या फळ्यावर चिठ्ठी लावायचं ठरवलं. ती लिहायला दोन दिवस लागले. पहिल्यांदा लिहिलं, 'रोज साडेअकराला मी चालणार आहे. सगळ्यांनी यावं.' वाचल्यावर मलाच लाज वाटली. 'यावं' म्हणणारे आपण कोण? मग 'येऊ शकता' केलं. त्यातही एक प्रकारची सक्ती वाटली. शेवटी जी चिठ्ठी लागली ती अशी होती: 'मी रोज साडेअकराला इमारतीभोवती चालणार आहे. कुणालाही मनाई नाही. ताउनो युलितालो, बी ७.'

इर्मेलीने ती वाचली आणि माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेने बघितलं. "तुला बरं वाटतंय ना?" तिने विचारलं. मी म्हटलं, चांगलं वाटतंय.

पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी शेडच्या कोपऱ्यावरून वळलो तर पुढे, बऱ्याच अंतरावर, कुणाच्या तरी कोटावरची चकाकती पट्टी हलताना दिसली. मागे वळून बघितलं तर मागेही एक. माझा ऊर भरून आला. चिठ्ठीला यश आलं! पुढच्याला गाठावं म्हणून मी पाय उचलले. पुढच्यानेही पाय उचलले. मी दमून हळू झालो, तर तोही हळू झाला. म्हटलं, हा नाही तर मागचा. बुटाची नाडी बांधायला वाकलो आणि वाट बघितली. कुणी येईना. वाकल्या वाकल्या पायांमधून मागे बघितलं, तर मागचाही बुटाची नाडी बांधत होता.

दोन आठवड्यांत आम्ही नऊ जण झालो. संख्येच्या दृष्टीने हे यश मोठंच होतं. पण हे नऊ जण फेऱ्यावर अशा काही अंतराने पसरलेले असायचे की कुणी कुणाला भेटायचंच नाही. मी मोजलं. माझ्यात आणि पुढच्यात अडुसष्ट पावलं. माझ्यात आणि मागच्यात अडुसष्ट पावलं. सहाशे बाराला नवाने भागलं की बरोबर अडुसष्ट येतात. हा योगायोग असेल तर विलक्षण होता, आणि योगायोग नसेल तर काय होतं हे मला कळत नव्हतं.

"वरून बघितलं की विमानतळावरच्या सामानाच्या पट्ट्यासारखं दिसतं," इर्मेली म्हणाली. "तू काळी पेटी."

नर्सबाईंनी फोनवर विचारलं, "मग, बोलणं होतंय का?"

"सुलोची टोपी चांगलीच ओळखीची झाली आहे," मी म्हणालो. "मागून."

सुलो म्हणजे तळमजल्यावरचा. आयुष्यभर बस चालवली. 'चालकाशी बोलू नये' ही पाटी त्याने बसमधून काढून स्वतःवर लावली असावी. आम्ही एका जिन्यात अकरा वर्षं राहतो आणि मी त्याचा आवाज ऐकलेला नव्हता. फेऱ्यात माझ्या पुढे असायचा तो हा. हिरवी लोकरी टोपी, वर गोंडा.

एका दुपारी मला साधा उपाय सुचला. इतका साधा की आधी का सुचला नाही याचं वाईट वाटलं. सगळे एका दिशेने जातात म्हणून भेट होत नाही. मी उलटा गेलो तर? मग प्रत्येक जण समोरून येणार. मी सॉनाच्या खोलीपाशी गर्रकन वळलो आणि उलट्या दिशेने चालायला लागलो.

पहिली भेट काउकोची. तो माझ्या मागे होता, आता समोर आला. मला बघून त्याचा चेहरा असा झाला, जणू मी तळ्यातल्या त्या भोकातून वर आलोय. "हं," तो म्हणाला. "हं," मी म्हणालो. मग हिल्क्काबाई. त्यांनी घड्याळ बघितलं. असे एकेक करत सगळे झाले आणि शेवटी शेडच्या वळणावर सुलो. त्याने मला बघितलं, थबकला, इकडेतिकडे बघितलं आणि बाजूच्या बर्फाच्या ढिगात उडी मारली. कमरेपर्यंत आत गेला. मी हात देऊन त्याला बाहेर काढलं.

"काय झालं रे?"

"उलटं," सुलो म्हणाला.

अकरा वर्षांतला हा त्याचा पहिला शब्द. मी घरी येऊन तो इर्मेलीला सांगितला. तिने कॉफी ओतली.

दुसऱ्या दिवशी मी सुरुवातीपासूनच उलटा निघालो. थोड्या वेळाने बघतो तर पुढे हिरवी टोपी, मागे काउको. सगळेच्या सगळे उलटे! मी परत सुलटा वळलो. दोन मिनिटांत सगळे सुलटे. अंतर अडुसष्ट. मी वाटेच्या मधोमध उभा राहिलो. मला खरोखर काही म्हणजे काही समजेना. मला वाटायला लागलं की हे मी चालतोय की कुणी मला चालवतंय?

त्याच संध्याकाळी फळ्यावर दुसरी चिठ्ठी लागली. 'पायवाटेवर चालण्याच्या दिशेबाबत विशेष सभा. हिल्क्का, अध्यक्षा.'

सभा सायकलींच्या शेडमध्ये झाली, कारण सॉनाच्या खोलीचं आरक्षण पंधरा दिवस आधी करावं लागतं. हिल्क्काबाई म्हणाल्या, "सुरक्षिततेसाठी दिशा एकच असली पाहिजे."

"का?" मी म्हणालो.

"कारण दोन असल्या की हिशोब लागत नाही."

"कसला हिशोब?"

त्यांनी काउकोकडे बघितलं. काउकोने छताकडे बघितलं. सुलो आपल्या हातमोज्यांकडे बघत होता. मग हिल्क्काबाई म्हणाल्या, "हे पाहा, ताउनो, अर्धी पायवाट नगरपालिकेच्या जागेतून जाते. त्यांना विचारल्याशिवाय उलटं जाणं योग्य नाही."

"मग सुलटं जाताना कुठे विचारलं होतं?"

माझा हा प्रश्न बिनतोड होता, पण त्याचा परिणाम उलटा झाला. हिल्क्काबाईंना तो पटला आणि त्यांनी दोन्हींबद्दल नगरपालिकेला पत्र लिहिलं.

आठवड्याने नगरपालिकेतून सातू नावाची मुलगी आली. तिचं काम म्हणे गावाच्या एकाकीपणावर देखरेख ठेवण्याचं. आम्हा नऊ जणांना एकत्र बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, तुमचा तर गट आहे!" ती म्हणाली. "आम्ही असा गट शोधत होतो!" आणि तिने अर्ज काढला.

अर्ज सहा पानांचा होता. उपक्रमाचं नाव. उद्दिष्ट. जबाबदार व्यक्ती. इथे सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. सातव्या रकान्यात 'वापराची दिशा' होती, म्हणजे पायवाटेच्या नकाशावर बाण काढायचा. हिल्क्काबाईंनी पेन्सिल उचलायच्या आत मी दोन्हीकडे टोकं असलेला बाण काढला. म्हटलं, एवढं तरी माझ्या मनासारखं होऊ दे.

अर्ज परत आला. दोन्ही टोकांचा बाण म्हणजे दुतर्फा रहदारी, आणि आमची वाट दुतर्फा रहदारीला पुरेशी रुंद नाही. मात्र दोन स्वतंत्र गट असतील, आणि प्रत्येकाच्या नकाशावर एकाच टोकाचा बाण असेल, तर हरकत नाही. मी फोन करून विचारलं, "पण हे दोन्ही गट त्याच वाटेने, त्याच वेळी, समोरासमोर येणार ना?"

"हो," सातू म्हणाली, "पण कागदावर ते वेगळे आहेत."

मी तीन वेळा समजून घ्यायचा प्रयत्न केला. चौथ्यांदा सातूच म्हणाली, "मलाही नाही हो कळत. तुम्ही सही करा."

अशा रीतीने जानेवारीच्या एका बुधवारी दोन गटांचं रीतसर उद्‌घाटन ठरलं. सुलट्या गटाच्या प्रमुख हिल्क्काबाई, उलट्याचा मी. माझ्या गटात यायला कुणी तयार नव्हतं. शेवटी काड्या काढल्या. सुलो माझ्याकडे आला. त्याने काडी दोनदा बघितली.

उद्‌घाटनाला उणे अठ्ठावीस अंश तापमान होतं. इर्मेलीने वेलदोड्याचे पाव भाजून ठेवले होते. सातू कॅमेरा घेऊन आली होती आणि तो गारठून बंद पडू नये म्हणून तिने तो काखेत धरला होता. रात्रभर बर्फ पडलं होतं. बर्फ काढणाऱ्याने वाट साफ केली होती, पण शेडच्या मागे दोन्हीकडे छातीइतक्या भिंती उभ्या राहिल्या होत्या आणि मध्ये एका माणसापुरता बोळ. आम्ही निघालो. बरोबर त्या बोळातच दोन्ही गट समोरासमोर आले.

मी थांबलो. हिल्क्काबाई थांबल्या.

"तुम्ही जा," मी म्हणालो.

"छे, तुम्ही आधी."

"नाही नाही, तुमचे पाच आहेत. आम्ही चारच."

"म्हणूनच तुम्हाला कमी वेळ लागेल."

कुणी मागे जाईना, कुणी पुढे येईना. गारठा तर बुटातून वर चढत होता. तेव्हा मी मोठ्या मनाने वाट द्यायचं ठरवलं आणि उजवीकडच्या ढिगात शिरलो. नेमक्या त्याच क्षणी हिल्क्काबाई डावीकडच्या ढिगात शिरल्या. आमच्या मागच्यांनीही तेच केलं. कुणाला उद्धट दिसायचं नव्हतं. पाहता पाहता आम्ही नऊच्या नऊ जण दोन्ही बाजूंना कमरेपर्यंत बर्फात रुतलो होतो आणि मधली वाट स्वच्छ, मोकळी, रिकामी पडली होती. तिच्यावरून सातू आली आणि तिने फोटो काढला.

"वा!" ती म्हणाली. "आता निघा बाहेर."

निघता कुणालाच येईना. मी एक पाय उपसला की दुसरा खोल जायचा. काउको जास्तच वजनदार, त्यामुळे तो काखेपर्यंत गेला होता. तिथूनच तो ओरडला, "पुरे झालं हे! ताउनो पडला तर उचलायचं म्हणून आलो होतो. आता मला कोण उचलणार?"



"मला उचलायला?" मी विचारलं.

"काउको!" हिल्क्काबाई म्हणाल्या.

"आता काय लपवायचंय? हिल्क्का म्हणाली, ताउनोचं काही खरं नाही. जिन्यात विचित्र चिठ्ठ्या लावतो आणि अंधारात इमारतीला फेऱ्या घालतो. त्याला कळू न देता लांबून लक्ष ठेवायचं. तिनेच अंतर काढून दिलं. काही जण पुढे, काही मागे."

"पुढे कशाला?"

"पुढून पळालास तर?"

मी हिल्क्काबाईंकडे बघितलं. त्या बर्फात ताठ उभ्या होत्या. तिथे दुसरं काही होण्यासारखं नव्हतंच. "मी असं म्हटलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, ताउनोला एकटं सोडू नका. तेही इर्मेलीने सांगितलं म्हणून."

पाव घेऊन इर्मेली नेमकी तेव्हाच शेडच्या कोपऱ्यावर आली होती. "मी फक्त म्हटलं होतं," ती म्हणाली, "याचा गुडघा दुखतो, घसरून पडला तर मला सांगा."

दोन महिने! दोन महिने मला वाटत होतं की मी या माणसांना घराबाहेर काढलंय. नर्सबाईंना मी तसं फोनवर सांगितलंही होतं, थोड्या मोठेपणानेच. आणि ही सगळी माझ्यावर पहाऱ्याला होती. मला बर्फातून बाहेर काढलं, पाव दिला, पाठीवरचं झटकलं. मी कुणाशी एक शब्द बोललो नाही. पाव चांगला झाला होता, पण तेही म्हणालो नाही.

दुसऱ्या दिवशी साडेअकरा वाजले तरी मी खुर्चीतून उठलो नाही.

"जात नाहीस?" इर्मेलीने विचारलं.

"मी एकटा पळून गेलो तर लोकांची पंचाईत होईल."

ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. तिथून म्हणाली, "ते सगळे खाली उभे आहेत."

मी उठलो. बघायचं नव्हतं, पण बघितलं. आठही जण दारापाशी घोळका करून उभे होते. चालत नव्हते. कुणाच्या मागे चालायचं आणि कुणाच्या पुढे, हेच त्यांना ठरवता येत नसावं. काउको पाय आपटत होता. हिल्क्काबाई हातवारे करून काहीतरी समजावत होत्या. सगळे एकमेकांना इतके खेटून उभे होते की मध्ये अर्धंसुद्धा पाऊल नव्हतं.

"गारठतील," इर्मेली म्हणाली.

"घरी जातील."

"सुलो नाही जायचा. त्याची बायको गेल्या मार्चमध्ये वारली. घरी जाऊन तो काय करणार?"

हे मला माहीत नव्हतं. अकरा वर्षं एका जिन्यात, आणि मला माहीत नव्हतं. चिठ्ठी लावली होती मी! मी कोट घातला. इर्मेलीने मफलर हातात दिला.

खाली गेलो तेव्हा सगळे माझ्याकडे वळले. मला जे बोलायचं होतं ते मी जिन्यात जुळवलं होतं, पण दारापाशी आल्यावर त्यातलं काहीच आठवेना. मी चालायला लागलो. या वेळी अंतर कुणी ठेवलं नाही. त्या अरुंद वाटेवर सगळे एकदम चालायला बघत होते, धक्के लागत होते, काउको दोनदा ढिगात गेला. सुलो माझ्या शेजारी होता.

अर्धा फेरा झाल्यावर तो म्हणाला, "काउकोने मला सांगितलं की तुझं डोकं फिरलंय."

"ऐकलं मी काल."

"मला बरं वाटलं."

"माझं डोकं फिरल्याचं?"

सुलोने विचार केला. पन्नासएक पावलं विचार केला. "रोज साडेअकराला कुणीतरी माझी वाट बघणार होतं याचं," तो म्हणाला. आणि मग, इतकं बोलून बसल्यामुळे असेल, त्याने टोपी डोळ्यांपर्यंत खाली ओढली. मीही मफलर नाकापर्यंत वर घेतला.  

नर्सबाईंचा फोन आला तेव्हा त्यांनी विचारलं की या आठवड्यात किती जणांशी बोलणं झालं. मी म्हटलं, "नक्की सांगता येणार नाही, सगळे एकदम बोलतात." त्यावर त्यांनी पुन्हा बराच वेळ काहीतरी लिहिलं.

आणि मग त्या शुक्रवारी, सव्वाअकराला, आमच्या दाराची घंटा वाजली.

मी आणि इर्मेली स्वयंपाकघरात जिथे होतो तिथेच थिजलो. न कळवता आमची घंटा कुणी वाजवली त्याला किती वर्षं झाली असतील देव जाणे. माझ्या हातात कॉफीचा कप होता, तो टेबलावर ठेवायचा धीर होईना. आवाज झाला असता. मी चवड्यांवर दारापर्यंत गेलो आणि काचेतून बाहेर बघितलं. सुलो. टोपी हातात, केस पाण्याने बसवलेले.

"सुलो आहे," मी कुजबुजलो.

"काय हवंय त्याला?" इर्मेलीही कुजबुजली.

"माहीत नाही. टोपी काढलीय."

"अगंबाई! मग?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. घंटा पुन्हा वाजली, या वेळी अगदी हळू, जणू घंटेचीच माफी मागत.

"इर्मेली," मी म्हणालो, "आपण घरी आहोत का?"

"मला काय विचारतोस?" ती म्हणाली, आणि फडताळातून तिसरा कप काढला. "दार उघड आणि बघ."